उभ्यानं टाळ वाजवताना लय अंगात कशी धरावी

‘पायानं ठेका धर’ हा नव्या टाळकऱ्याला मिळणारा पहिला सल्ला. देणारा मोकळा होतो आणि घेणाऱ्याचं कंबरडं मोडतं. बसून वाजवताना अंगठा आपटला तर काही बिघडत नाही. उभ्यानं एका पायाचा चवडा आपटायला लागलात, की सगळं अंग दुसऱ्या पायावर येतं. अर्ध्या तासात कंबर एका बाजूला उतरते, खांदा वाकडा होतो, आणि मुख्य म्हणजे लय पळते. घोट्याची हालचाल छोटी असते, आणि छोट्या हालचालीला थांबायला जागाच नसल्यामुळे ती आपोआप घाई करते. मोठी हालचाल वेळ खाते म्हणून लय धरते. त्यामुळे ठेका चवड्यात नाही, अख्ख्या अंगाच्या वजनात धरायचा. तो कसा, ते पुढे सांगतो.

टाळाची दोरी बोटाला गुंडाळता येते, डावा टाळ स्थिर ठेवून उजवा त्यावर मारता येतो आणि आठ मात्रा तोंडानं म्हणता येतात, एवढं गृहीत धरतो. बोल कहरव्याचे घ्या: धा गे ना ती । ना के धी ना. तुमचा मृदंगी भजनी ठेका वेगळ्या बोलांनी वाजवत असेल, तरी आपल्या बहुतेक चालींना मात्रा आठच असतात. या आठ मात्रांची एक फेरी म्हणजे एक आवर्तन. त्यात पहिली मात्रा ती सम, पाचवी तो काल.

उभं राहणं

अनवाणी उभे राहा, पावलांत खांद्याएवढं अंतर ठेवा आणि गुडघे किंचित सैल सोडा. ताठ गुडघ्यांनी कीर्तनात मागे उभं राहू नका. नऊ ते अकराचं कीर्तन असतं, निरूपण चालू असताना टाळकरी बराच वेळ नुसता उभा असतो. गुडघे आवळून निश्चल उभं राहिलं की रक्त पायात साचतं आणि घेरी येते. सप्ताहात एखादा पोरगा धाडकन पडतो तेव्हा लोक उपवासाला दोष देतात. कधी कधी दोष गुडघ्यांचाही असतो.

वजन टाकणं

टाळ बाजूला ठेवा. वजन उजव्या पायावर घ्या, मग डाव्यावर. पाऊल उचलायची गरज नाही, टाच जमिनीवरून बोटभर सुटली तरी पुरे. आता बोल म्हणा. उजवा पाय ‘धा’ला, डावा तिसऱ्या मात्रेच्या ‘ना’ला, उजवा पाचवीला, डावा सातवीला. दर दोन मात्रांना एक पाय. मोबाइलमधला मेट्रोनोम मिनिटाला 40 ठोक्यांवर लावा, एक ठोका म्हणजे एक पाय. म्हणजे मिनिटाला 80 मात्रांची लय झाली. चालीच्या सुरुवातीला एवढी चालते.

इथे एक गोष्ट नीट बघा. ठोका ऐकू आल्यावर तुम्ही पाय हलवायला घेता, की ठोक्याला तुमचं वजन पायावर पोचलेलं असतं? बहुतेक जण ठोक्याला निघतात. निघायला आणि पोचायला वेळ लागतो, त्यामुळे पाय मागे पडतो. हात मात्र कानावर चालत असतो. मग पाय एकीकडे, टाळ दुसरीकडे, आणि माणूस गोंधळून पायच बंद करतो. समेला पाऊल पोचलेलं पाहिजे. म्हणजे निघायचं अर्धी मात्रा आधी. घरी आरशासमोर उभं राहून टाचेकडे बघा: ठोका पडतो त्या क्षणी टाच टेकलेली हवी. वर दिसली तर तुम्ही उशिरा आहात.

हे जमल्यावर टाळ्या, मग टाळ.

लय वाढल्यावर पाऊल मोडणं

खरी अडचण इथे आहे. सगळ्यांत उशिरा मलाही हेच जमलं, आणि कोणी धड सांगत नाही म्हणून जरा तपशिलात जातो.

भजनाची लय एका जागी राहत नाही. मृदंगी चढवत नेतो. 80 ची 120 मात्रा झाली, की दोन मात्रांना एक पाय या हिशेबानं तुमचे पाय मिनिटाला 60 वेळा पडायला लागतात, म्हणजे सेकंदाला एक. त्याच्या पुढे पोटऱ्या भरतात, अंग उडायला लागतं आणि टाळाचा आवाज फुटका येतो, कारण उडणाऱ्या अंगावर डावा टाळ स्थिर राहत नाही. अशा वेळी मागून कोणीतरी ओरडतो, ‘लय वाढली, पाय वाढव!’ अजिबात ऐकू नका. लय वाढली की हात वाढतात, पाय निम्म्यावर येतात.

म्हणजे 120 च्या आसपास दोन मात्रांचं पाऊल मोडून चार मात्रांचं घ्यायचं. उजवा समेला, डावा कालाला, बस. पाय 60 वरून 30 वर येतात. मृदंगी आणखी चढवून 240 वर गेला तरी तुमचे पाय पुन्हा सेकंदाला एकच. जुना टाळकरी जलद लयीतही निवांत डुलताना दिसतो तो यामुळे. त्याचे पाय जलद नसतातच.

सांगायला सोपं आहे. करायला बसलात की अडतं ते तिसऱ्या मात्रेवर. आतापर्यंत तिथे डावा पाय पडत होता, तो सवयीनं पडायला धावतो. तो पडला की सगळं उलटं: काल उजव्यावर, पुढची सम डाव्यावर, मग एक जास्तीची उडी मारून जुळवाजुळव. रोखून धरायला गेलात तर अंग ताठतं आणि हातही अडखळतो. उपाय असा: समेला उजव्यावर आलात की तिसऱ्या मात्रेला तिथेच उजवा गुडघा थोडा खाली दाबा. डावीकडे जायचं नाही, जागच्या जागी दोन बोटं खाली. मग वर येता येता वजन डावीकडे सोडा, पाचवीला डावा पोचलेला असेल. पुन्हा सातवीला डावा गुडघा खाली. पाय रिकामा राहिला की तो चुकतो. गुडघ्याला काम दिलं की रिकामी मात्रा उरतच नाही.

आणि मोडायचं ते समेवरच, तेही चरण संपून धृपद परत येतं तिथे. चरणाच्या मध्ये मोडू नका. ओळीच्या मध्यात पाऊल बदललं की जीभ अडखळते, शब्द गिळले जातात. नुसतं वाजवणाऱ्याला ते खपेल, पण टाळकऱ्याला गायचंही असतं.

सराव असा करा. मेट्रोनोम 40 वरच ठेवा, पाय त्याच्याबरोबर. आता पाय न बदलता फक्त टाळ्या बदला: एका पावलाला एक टाळी, मग दोन, मग चार. मग उलटे या, चार, दोन, एक. चारावर गेलात की तुम्ही 160 मात्रांच्या लयीत आहात, आणि तळपायाला त्याचा पत्ताही नाही. हेच तर हवं. दोनाचं चार करताना पाय घाई करायला बघतील. केली की थांबा आणि परत एकावर या. चुकत चुकत पुढे रेटलं तर चूकच पाठ होते. चढती लय इतकं झाल्यावर घ्या, आधी नको.

इयरफोन लावून रेकॉर्डिंगवर सराव करणाऱ्यांना एकच सांगणं: बोल तोंडानं म्हणा. मुकाट्यानं ऐकणाऱ्याचं अंग रेकॉर्डिंगच्या मागे चालतं, स्वतःचं चालत नाही.

पावली

पावली म्हणजे टाळ वाजवत दिंडीत टाकायची नाचती पावलं. वर सांगितलेलं पक्कं झालं की तिच्यात नवं काही नाही. वजन जागच्या जागी टाकत होतात, ते आता पुढे-मागे टाकायचं. उड्या मारून उतरताना गुडघे मऊ ठेवा. डांबरावर टाचा आपटून उतरणारे दिंडीत फार दिवस टिकत नाहीत, आणि आळंदी ते पंढरपूर वाट जवळजवळ अडीचशे किलोमीटरची आहे. दिवे घाटात चढावर पावलं आखूड घ्या.

दिंडीत नेमकं कोणाचं ऐकायचं

आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मृदंगी तुमच्यापासून 17 मीटरवर असेल तर त्याची थाप तुमच्यापर्यंत यायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. 240 च्या लयीत एक मात्रा पाव सेकंदाची असते, म्हणजे मात्रेचा पाचवा हिस्सा गेला. मागची रांग कानावर वाजवते, तिच्या मागची तिच्यावर, आणि लांब दिंडीत शेवटच्या रांगा सरळ मागे ओढल्या जातात. मंडपात लांबच्या खांबावरचा भोंगा हाच घोळ घालतो. म्हणून कान जवळच्या टाळावर ठेवा, पण डोळे मृदंग्याच्या खांद्यावर. मोठी थाप मारताना त्याचा खांदा खाली येतो, आणि ते तुम्हाला तत्क्षणी दिसतं. तो दिसत नसेल तर पुढच्या रांगेच्या पाठी बघा. दोन्ही बाजूंच्या रांगा समोरासमोर असतील तर समोरच्याचे गुडघे बघा. डोळे मिटून तल्लीन होणं समेवर पाय आपोआप पडायला लागल्यावर.

चुकलात तर

हात थांबवा, पाय चालू ठेवा. टाळ एकमेकांवर दाबून धरा म्हणजे झणझण राहणार नाही. शेजाऱ्याच्या उजव्या पायाकडे बघा, त्याच्याबरोबर वजन टाका, एक आवर्तन नुसतं गा आणि पुढच्या समेला हात सोडा. मधल्या मात्रेवर घुसू नका. तीस टाळांत एक गप्प बसलेला कोणाला कळत नाही. एक चुकीचा मात्र विणेकऱ्यालाही ऐकू जातो.