स्क्रॅपर की पॉलिशपेपर? सागाला पॉलिश करण्याआधी या चुका टाळा

नाशिकला पंचवटीतल्या एका वाड्याचा सागवानी दरवाजा पॉलिशला घेतला होता. जुनं चपडा (लाखेचं) पॉलिश काढायला मी घासायच्या मशीनवर ८० नंबरचा, म्हणजे जाड दाण्याचा पॉलिशपेपर लावला. घर्षणानं चपडा मऊ झाला, कागदावर चिकट गोळे धरले आणि तेच गोळे फळीवर ओरखडे काढत फिरू लागले. मग हाती स्क्रॅपर घेतला, तर तोच थर कोरडा, पापुद्र्यांनी सुटून आला. जुनं पॉलिश कागदानं काढायला जाणं, ही पहिली चूक.

स्क्रॅपर म्हणजे पोस्टकार्डाएवढी पातळ पोलादी पट्टी. बरेच मिस्त्री जुन्या करवतीच्या पात्यातून ती कापून घेतात, काही जण अजून काचेच्या तुकड्यानं खरवडतात. पट्टी लाकूड कापते, कागद ते ओरखडत नेतो. म्हणून पट्टी फिरवलेल्या सागाच्या रेषा, म्हणजे तंतूंची नक्षी, जास्त स्वच्छ दिसतात. गाठीपाशी, जिथे रंधा लाकूड उचकटतो, तिथे तर पट्टीच हवी.

"पट्टीतून नुसता भुसाच पडतो" ही तक्रार नेहमीची. पट्टीला धार नाही, एवढंच त्याचं कारण. पट्टी व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरून कड कानशीनं काटकोनात सपाट करा. मग कड आणि दोन्ही बाजू तेलाच्या दगडावर घासा. कडेला थेंबभर तेल लावून कठीण पोलादाची गुळगुळीत सळी आधी सरळ, मग पाच-दहा अंश तिरकी ओढा. नखाला अडेल इतकी बारीक कोर वळली पाहिजे. इथे फार जोर लावू नका. कोर जास्त वळली, तर पट्टी पार आडवी केल्याशिवाय लाकडाला लागतच नाही. पट्टी दोन्ही अंगठ्यांनी मधून किंचित वाकवा, पुढे झुकवा आणि रेषेच्या दिशेनं ढकला. धार बरोबर असेल तर कांद्याच्या सालीसारखे पातळ छिलके निघतात. सागात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते; सळी हाताशीच ठेवा.

एकाच डागावर पट्टी घासत बसू नका. तिथे खळगा पडतो आणि चकाकी आली की तो लपत नाही.

अंबड-सातपूरच्या कारखान्यांकडून पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन आणून टेबल करणाऱ्यांनी मात्र कागदच वापरावा. मऊ लाकडाचे तंतू पट्टीखाली कापले न जाता दबतात आणि पृष्ठभाग केसाळ होतो. प्लायवर चिकटवलेल्या व्हिनियरचा, म्हणजे लाकडाच्या पापुद्र्याचा थर तर इतका पातळ असतो की पट्टीचे चार जादा हात पडले की खालचा प्लाय दिसतो.

कागदाची मोठी चूक म्हणजे नंबर गाळणं. ८० वरून थेट २२० वर गेलात, तर स्टेन (लाकडाला द्यायचा रंग) लागताच ८० चे ओरखडे काळे होऊन वर येतात. ८०, १२०, १८०, २२० असंच जा. प्रत्येक नंबराआधी पेन्सिलीच्या फिकट रेघा मारा आणि त्या पुसल्या गेल्यावरच पुढचा कागद घ्या. मशीन दाबू नका, गोल खुणा उमटतात. आणि नाकाला मास्क हवाच, सागाची धूळ घशाला लागते.

अर्धी फळी पट्टीची आणि अर्धी कागदाची ठेवली, तर स्टेन एकसारखा बसत नाही. म्हणून स्टेन द्यायचा असेल, तर शेवटी सगळीकडे २२० चा कागद लाकडी गुटक्याला गुंडाळून, रेषेच्या दिशेनं, हातानं फिरवा. मग फळी मिनरल टर्पेंटाइननं पुसून बल्ब बाजूनं आडवा धरा. राहिलेला प्रत्येक ओरखडा ओल्या लाकडावर दिसतो. तिथे खडूची खूण करा आणि टर्पेंटाइन पूर्ण उडाल्यावर तेवढाच भाग पुन्हा घ्या.