बेटावर राखणीला जाताय? मग या चुका टाळा

नारळी पौर्णिमा झाली की जळगाव, धुळे, चोपड्याकडून फोन सुरू होतात. "भो, आम्हाला पण बेटावर राखणीला जायचंय, काय काय लागतं?" रायगडच्या किनाऱ्यासमोरचं लहानसं बेट. एक देऊळ, शेजारी पडवी, एक विहीर, थोडे माड. पावसाळा सोडला तर तिथे आळीपाळीने दोघं-तिघं स्वयंसेवक राहतात. वाहून आलेला कचरा उचलायचा, विहीर सांभाळायची, सहलीला आलेल्यांवर लक्ष ठेवायचं, संध्याकाळी दिवा लावायचा. पगार नाही, शिधा आपला आपण. आपल्याकडची पोरं कामाला मागे हटत नाहीत. पण तापीकाठी वाढलेल्या माणसाला समुद्राचं गणित येत नाही, आणि विचारायला त्याला कमीपणा वाटतो. मग दरवर्षी त्याच चुका.

सगळ्यात आधी दोर. तापीवरच्या हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडले की पेपरात छापून येतं. समुद्र रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, त्याची बातमी कोण देणार? एका पौर्णिमेला दोन नवे गडी बेटावर होते. ऐन दुपारी, भर भरतीत, नाखव्याने शिध्याची होडी आणून दिली आणि तो दुसऱ्या बोटीने परत गेला. या दोघांनी ती धक्क्याच्या कडीला गोठ्यात बैल बांधावा तशी आखूड, ताणून बांधली. सामान नंतर उतरवू म्हणाले, खिचडी खाल्ली आणि पडवीत ताणून दिली. उठेपर्यंत पाणी उतरलेलं. होडीचं नाक कडीला टांगलेलं, बूड खाली खडकावर. तांदूळ, बेसन, तूरडाळ, सगळं कालवांच्या, म्हणजे धारदार शिंपल्यांच्या, खडकात सांडलेलं. नाखवा होडी न्यायला आला, तेव्हा त्यातला एक धक्क्यावर उभा राहून खरोखर बुचकळ्यात पडून म्हणाला, "पानी कोठे गयं?" नाखवा आधी पोट धरून हसला. मग त्याने ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.

रायगडच्या बाजूला उधाणाची भरती आणि ओहोटी यांत दोन पुरुष उंचीचा फरक पडतो. म्हणून दोर तेवढा सैल सोडायचा आणि होडीच्या मागच्या बाजूने नांगर टाकायचा, म्हणजे ती धक्क्यावर आपटत नाही. मी तर सामान उतरवल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही. भरतीची वेळ काढायला मोबाइल कशाला हवा? तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला, सकाळी आणि संध्याकाळी. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. कोळी लोक हा हिशेब बोटांवर करतात. आपल्या पोरांना अ‍ॅप हवं असतं, आणि बेटाच्या निम्म्या भागात रेंज नसते.

दुसरी चूक ऐकून माझं डोकं आजही फिरतं. रावेरकडचा एक गडी, घरची केळीची बाग. सोबत छोटी मोटर घेऊन आला. "पोहऱ्याने किती वेळ शेंदायचं? पाच मिनिटांत टाकी भरून देतो." मी तिथे नव्हतो, बाकीच्यांनी कौतुक केलं. टाकी भरली, सगळ्यांनी मनसोक्त अंघोळी केल्या. चौथ्या दिवशी चहा खारट लागला. साखर वाढवून पाहिली म्हणे! पुढचा पावसाळा येईपर्यंत ते पाणी भांडी घासण्यापुरतंच राहिलं आणि प्यायला किनाऱ्यावरून कॅन आणावे लागले.

यावल-रावेरला पाणी कमी पडलं की आपण बोअर आणखी खोल नेतो. बेटावर खोल गेलं की खारं. पावसाचं गोडं पाणी हलकं असतं, ते जमिनीतल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. शास्त्राच्या हिशेबाने वरची गोडी पातळी एक फूट उतरली तर खालचं खारं पाणी सुमारे 40 फूट वर सरकतं. मोटरने एकदम उपसा केला की ते थेट विहिरीच्या तळाशी येऊन बसतं. पोहऱ्याने, थोडं सकाळी, थोडं संध्याकाळी, एवढंच. शेंदताना हात भरून येतात, म्हणून माणूस पाणी कमी वापरतो. मला तरी पोहऱ्याचा हाच फायदा मोठा वाटतो. भांडी राखेने घासून समुद्रात खंगाळा, शेवटचा हात मात्र गोड्या पाण्याचा, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला भोकं पडतात. अंगाचा साबण खाऱ्या पाण्यात फेस देत नाही, शाम्पू देतो.

बाकीचं थोडक्यात.

"आम्ही जळगावला 45 सोसतो" ही फुशारकी धक्क्यावरच सोडा. तिथे पारा 33 वर असतो, पण घाम वाळत नाही, आणि चक्कर येते ती याच मंडळींना. जड काम दहाच्या आत उरका. कूलर आणायचा विचार करणाऱ्याला मी उत्तरच देत नाही.

शेव, बिबडे, पापड दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. कळण्याचं पीठ आठवड्यापुरतंच न्या, जास्त नेलं तर कुबट होतं. ठेचा टिकतो.

अनवाणी खडकावर जाऊ नका. कालवाने कापलेला पाय लवकर भरत नाही.

किनाऱ्यावर मेलेला जेलीफिश काठीनेसुद्धा उलटापालटा करत बसू नका, मेल्यावरही तो डसतो.

मोबाइल ओला नसला तरी हवेतल्या मिठाने चार्जिंगची पिन गंजते. डब्यात ठेवा, फोटो कमी काढा.

दुपारनंतर खारे वारे वाढतात, समुद्र खवळलेला असतो. येणं-जाणं सकाळीच. आणि परतीचं रेल्वेचं तिकीट ठरल्या दिवसाचं काढू नका, मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा. नाखवा "आज नको" म्हणाला तर तिकिटाचे पैसे बुडतील असं त्याला सांगत बसू नका, त्याने ते फार वेळा ऐकलंय. निमूटपणे चूल पेटवा आणि उरलेल्या तांदळाचा अंदाज घ्या.