वाघ खरा, पण कुठला? वर्गात पडताळणी शिकवताना

सातवी ते नववीच्या मुलांना इंटरनेटवरची माहिती पारखायला शिकवायचं तर तीन तासिका पुरतात. प्रत्येकाच्या हातात मोबाइल लागत नाही. शिक्षकाचा एक फोन, स्क्रीनशॉटच्या झेरॉक्स आणि फळा एवढ्यावर भागतं. रेंजचा भरवसा नसेल तर व्हिडिओ आणि गूगलवरच्या निकालांचे स्क्रीनशॉट आदल्या दिवशीच काढून ठेवा.

नमुने सहा घ्या आणि त्यातले तीन खरे ठेवा. सगळेच खोटे दिले तर मुलं तपासायचं सोडून 'फेक आहे सर' एवढंच म्हणायला शिकतात. मग हवामान खात्याचा गारपिटीचा इशाराही त्यांना थापच वाटते.

पहिली सवय लावायची ती मजकुरातून बाहेर पडण्याची. मुलं त्याच पानावर खिळून राहतात: फोटो झकास आहे का, शुद्धलेखन बरोबर आहे का. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्टचेकर (बातम्यांतले दावे तपासणारे) यांना अनोळखी वेबसाइट पारखायच्या एकाच कामाला बसवलं. पहिले दोघे पानच वाचत राहिले आणि बऱ्याचदा फसले. फॅक्टचेकरांनी लगेच दुसरी टॅब उघडली आणि ही साइट कोणाची, बाकीचे तिच्याबद्दल काय म्हणतात, ते आधी पाहिलं. शुद्धलेखनावर तर जाऊच नका. ग्रामपंचायतीच्या खऱ्या सूचनेत चुका सापडतात आणि एआयने लिहिलेली थाप एकदम निर्दोष असते.

सुरुवात वाघाच्या व्हिडिओने करा, कारण 'आपल्या शिवारात वाघ' हा मेसेज प्रत्येक गावच्या ग्रुपवर येऊन गेलेला असतो. व्हिडिओ तीन-चार ठिकाणी थांबवून स्पष्ट चित्राचे स्क्रीनशॉट घ्या, भोवतीची पट्टी आणि मजकूर कापा आणि गूगल लेन्समध्ये (चित्रावरून शोधणारं गूगलचं साधन) टाका. निकालांत सर्वांत जुनी तारीख शोधायला सांगा. तोच व्हिडिओ दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्याच्या नावाने सापडला, तर प्रश्न तिथेच मिटला. काहीच सापडलं नाही तर मुलं 'म्हणजे खरा' म्हणतात. तिथे अडवा. ताज्या किंवा एआयने बनवलेल्या व्हिडिओची जुनी प्रत मिळणारच नाही. मग चित्रात बघायचं: गाडीची नंबरप्लेट (एमएच 34 चंद्रपूर, 33 गडचिरोली, 29 यवतमाळ), दुकानाच्या पाटीची लिपी, विजेचे खांब. गाडी कुठेही फिरू शकते, म्हणून एका खुणेवर निकाल नको. आवाजावर तर मुळीच नको, तो मागाहून चिकटवता येतो. शेवटची विचारणा वनरक्षकाकडे किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात. आणि व्हिडिओ जुना निघाला म्हणून वावराजवळ वाघ नाही असं ठरत नाही, चंद्रपुराकडे तर नाहीच.

दुसऱ्या तासाला कापसाचा हमीभाव घ्या. तीन चिठ्ठ्या करा: क्विंटलला 7,521 रुपये, 8,110 रुपये आणि 12,000 रुपये. 8,110 हा 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव. 7,521 हाही खराच, पण 2024-25 चा. 12,000 चा आकडा बनावट. खऱ्या-खोट्याच्या मधला 'खरं पण शिळं' हा प्रकार मुलांना इथे नीट समजतो, आणि गावात फिरणाऱ्या मेसेजांत तोच जास्त गोत्यात आणतो. हमीभाव केंद्रीय मंत्रिमंडळाची आर्थिक व्यवहार समिती मंजूर करते, तेव्हा मूळ आकडा केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) प्रसिद्धिपत्रकात शोधायचा. एखादं पोरगं म्हणेलच की आमच्या बाबांना बाजार समितीत वेगळाच भाव भेटला. बरोबर आहे त्याचं. बाजारभाव वेगळा, हमीभाव वेगळा. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात.

याच तासाला पत्ता वाचायला शिकवा. फळ्यावर लिहा: 'पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन' आणि खाली 'पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन डॉट योजनालाभ डॉट कॉम'. दुसरा आपण बनवलेला. पहिल्या एकेरी तिरक्या रेषेपर्यंतचा भाग उजवीकडून डावीकडे वाचायचा. दुसऱ्याच्या शेवटी 'डॉट कॉम', म्हणजे मालक 'योजनालाभ'वाला. त्याच्या डावीकडे 'गव्ह' कोणीही जोडू शकतो. 'गव्ह डॉट इन'ने संपणारा पत्ता सरकारी कार्यालयांनाच मिळतो. 'डॉट ओआरजी' मात्र कोणालाही विकत मिळतो. पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह फक्त मधल्या वाटेची सुरक्षा सांगतं, पलीकडच्या माणसाची नियत नाही.

पाच पोर्टलवर आलं म्हणजे खरं, ही समजूत मोडायला पाचही बातम्यांचा पहिला परिच्छेद शेजारी शेजारी ठेवा. शब्दन् शब्द तोच असेल तर साक्षीदार एकच.

फवारणीच्या व्हिडिओंवर तिसरा तास पूर्ण द्या. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, त्यामुळे हा विषय मुलांना समजावून सांगावा लागत नाही. बाटली वर्गात आणू नका. कृषी केंद्रातून फक्त घडीपत्रिका (औषधासोबत येणारा माहितीचा कागद) आणा. व्हिडिओत सांगितलेलं पीक, प्रमाण आणि पाण्याचं माप पत्रिकेशी जुळवायचं. सांगणारा तेच औषध विकतो का, हे बघायचं. दोन-तीन औषधं मिसळायचा सल्ला पत्रिकेत नसेल तर अकोल्याचं कृषी विद्यापीठ किंवा नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था काय म्हणते ते शोधायचं.

वहीत चार रकाने: दावा, मूळ कुठे, तारीख, निकाल. निकालात 'कळलं नाही' लिहिणाऱ्यालाही, शोध कुठे अडला ते सांगितलं तर, पूर्ण गुण द्या. नाहीतर मुलं अंदाज ठोकतात.

घरचा भाग नाजूक. मेसेज मोठ्या काकाजींनी टाकलेला असतो आणि ग्रुपवर 'हे खोटं आहे' लिहिलं की भांडण होतं. एकट्याला विचारायचं: 'काकाजी, हे तुम्हाले कुठून आलं?' आणि खरा दुवा सोबत द्यायचा. अपवाद एकच: योजनेच्या नावाने आलेली एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी). ती उघडायची नाही, ग्रुपवर लगेच सांगायचं. कोणी उघडली असेल आणि खात्यातून पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन, मग बँक.