भाजल्यावर कोरफड: पान निवडण्यापासून गर लावण्यापर्यंत

कुकरची वाफ, तव्याची कड, फोडणीचं उडालेलं तेल. घरातलं भाजणं बहुतेक असंच असतं आणि कुंडीत कोरफड असली की हात आधी तिकडे जातो. तिचा उपयोग होतो, पण पहिला मान नळाच्या पाण्याचा.

भाजलेली जागा लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली धरा आणि पूर्ण २० मिनिटं धरून ठेवा. आग दोन मिनिटांत शमल्यासारखी वाटते, पण कातडीत शिरलेली उष्णता अजून आत उतरत असते, म्हणून हात काढायचा नाही. त्या वेळातच बांगड्या, अंगठी, घड्याळ उतरवा. सूज चढली की निघत नाहीत. उशिरा सुचलं तरी पाण्याखाली धरा, तीन तासांपर्यंत फायदा होतो. बर्फ लावू नका, त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखावलेल्या कातडीला रक्त कमी पडतं. तूप, टूथपेस्ट, शाई यांतलंही काही नको.

मग नीट बघा. जागा नुसती लाल आहे, चुरचुरते आहे आणि भाजलेल्या माणसाच्या तळहाताहून लहान आहे, तर घरी सांभाळता येईल. चेहरा, हात, सांधा किंवा जननेंद्रियाजवळ भाजलं असेल, विजेने किंवा ॲसिडने भाजलं असेल, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर सरळ दवाखाना गाठा. मोठं भाजलं असेल तर १०८ ला फोन करा. कातडी पांढरी किंवा काळपट, चामड्यासारखी झाली आहे आणि दुखत नाही, हे लक्षण सगळ्यांत वाईट. तिथल्या वेदना पोचवणाऱ्या नसाच जळालेल्या असतात. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

आता कोरफड. झाडाचं सर्वांत खालचं, बाहेरच्या बाजूचं जाडजूड पान घ्या, तेच सर्वांत जुनं आणि गराने भरलेलं असतं. स्वच्छ धुतलेल्या सुरीने खोडालगत कापा आणि कापलेली बाजू खाली करून पान पेल्यात १०-१५ मिनिटं उभं ठेवा. हिरव्या सालीच्या आतल्या कडेने पिवळा, उग्र वासाचा चीक ओघळताना दिसेल. बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि मग कोरफडीने खाज सुटली म्हणतात. हा चीक वाळवला की काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा काळाबोळ होतो; तो जुलाबाचं औषध, भाजलेल्या कातडीवर त्याचं काम नाही. चीक निथळला की पान धुवा, दोन्ही काटेरी कडा तासा, वरची साल काढा आणि पारदर्शक गराचा तुकडा पुन्हा एकदा स्वच्छ पाण्यातून काढा. बोटांना पिवळेपणा लागत असेल, तर अजून एकदा.

हा गर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघा. पुरळ उठलं नाही, तर भाजलेल्या जागी पातळ थर द्या, चोळू नका. दिवसातून दोन-तीनदा पुरे. दर वेळी ताजा गर काढा. कापलेला तुकडा लवकर खराब होतो. बाजारातलं हिरवंगार, सुगंधी जेल चेहऱ्यासाठी ठीक, इथे नको. छोट्या भाजण्यांवर झालेल्या काही अभ्यासांत कोरफडीने जखम थोडी लवकर भरल्याचं दिसलं आहे. पण गर लावायचा तो अखंड कातडीवरच. फोड आला असेल तर फोडू नका. तो स्वतःहून फुटला असेल, तर घरचा गर तिथे लावू नका, स्वच्छ कापडाने सैल झाकून डॉक्टरांकडे जा.

हळदीचं काय, हा प्रश्न येतोच. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं होतं, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन संस्थेने आपले जुने संदर्भ मांडून त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. हळदीच्या गुणांबद्दल मला आदरच आहे. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि पिवळ्या थराखाली भाजलेल्या जागेचा खरा रंग डॉक्टरांना दिसत नाही. वनस्पती दवाखान्यात कशी न्यायची हे सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी दाखवलं: केळीचं पान निर्जंतुक करून भाजलेल्यांच्या ड्रेसिंगला वापरलं. गुळगुळीत, मेणचट पान जखमेला चिकटत नाही, म्हणून ड्रेसिंग बदलताना रुग्णाला कमी दुखतं. साधं पान, पण आधी निर्जंतुक केलेलं.

शेतात खुरप्याने कापलं की दगडी पाला, म्हणजे एकदांडी, चुरून रस पिळायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. हा पाला जमिनीलगत वाढतो, त्याला माती असतेच आणि धनुर्वाताचे जंतू मातीतच राहतात. म्हणून आधी जखम साबण-पाण्याने धुवा, स्वच्छ फडक्याने दाबून रक्त थांबवा आणि पाला बांधावरच राहू द्या. जखम मातीत झाली असेल आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांहून जुनं असेल किंवा आठवत नसेल, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन ते घ्या. नंतर जागा जास्त लाल होत पसरली, पू किंवा वास आला, ताप चढला, तर घरचे उपाय थांबवून लगेच दाखवा.