या चुका टाळा: प्यूब्लो पद्धतीचा काळा रंग, युक्काचा कुंचला आणि भट्टी

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात कोलोरॅडो, यूटा, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको ही चार राज्ये जिथे एकमेकांना भिडतात, त्या कोरड्या पठारी प्रदेशात प्यूब्लो या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या पूर्वजांनी शेकडो वर्षे पांढऱ्या भांड्यांवर काळी नक्षी काढली. तशी भांडी करून पाहणारे हौशी कुंभार आणि कलाशाखेचे विद्यार्थी बहुधा एकाच जागी अडकतात. नक्षी पुसट आली, तपकिरी पडली किंवा भट्टीत नाहीशीच झाली, की ते रंगाला दोष देतात आणि त्याचे प्रमाण बदलत बसतात. माझे स्पष्ट मत आहे की या कामात रंग एकटा क्वचितच दोषी असतो. रंग, त्याखाली दिलेला पांढऱ्या मातीचा हात आणि भट्टीतली हवा या तिघांच्या मेळातून काळेपणा येतो, म्हणून दोषही तिन्ही ठिकाणी शोधावा लागतो.

काळा रंग एकच नव्हे

सगळा काळा रंग एकाच जातीचा मानणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. एक काळा रंग वनस्पतीचा होता. रॉकी माउंटन बीवीड ही आपल्याकडच्या तिळवणीच्या कुळातली वनस्पती कोवळी असताना उकळायची, चोथा गाळून टाकायचा आणि उरलेले पाणी काकवीसारखे दाट होईपर्यंत आटवायचे. मग त्याच्या वड्या वाळवून ठेवता येत आणि लागेल तेव्हा पाण्यात भिजवून वापरता येत. न्यू मेक्सिकोत या रंगाला ग्वाको म्हणतात. दुसरा काळा रंग खनिजाचा होता, म्हणजे लोहयुक्त दगड वाटून केलेला. याच प्रदेशातल्या चाको परिसरातील (न्यू मेक्सिको) काळ्या-पांढऱ्या भांड्यांवर मुख्यतः लोहाचा रंग आढळतो, तर तेराव्या शतकातील मेसा व्हर्डेच्या (कोलोरॅडो) आणि कायेंटा भागाच्या (ॲरिझोना) भांड्यांवर वनस्पतीचा. काही कुंभार दोन्ही एकत्र करीत. होपी या ॲरिझोनातील प्यूब्लो समाजाच्या परंपरेत वनस्पतीचा अर्क आणि लोहखनिज यांचे मिश्रण आजही काळ्या रंगासाठी वापरले जाते. या दोन रंगांतला भेद पुरातत्त्वज्ञ फ्लॉरेन्स हॉली यांनी १९२९ साली मांडला आणि पुढे प्राचीन मृत्पात्रांच्या अभ्यासक ॲना शेपर्ड यांनी रंग, माती व भाजणी यांच्या परस्परसंबंधांचा बारकाईने अभ्यास केला.

भिंग घेऊन रेघेची कड पाहिली तर बराच उलगडा होतो. वनस्पतीचा रंग मातीत मुरतो, त्यामुळे कड किंचित फुटल्यासारखी, शाईच्या डागासारखी दिसते, आणि गारगोटीने घोटलेल्या पृष्ठभागाची चमक रंगाखालूनही जाणवते. खनिजाचा रंग वर बसतो. त्याची कड रेखीव असते, बोट फिरवले तर थर हाताला लागू शकतो, आणि जिथे तो पातळ असतो तिथे तपकिरी किंवा लालसर झाक दिसते. तरीही शंका उरली, तर स्वतः भाजलेल्या नमुन्याचा तुकडा भरपूर हवा मिळेल अशा आचेवर पुन्हा भाजावा: वनस्पतीचा रंग जळून जातो, लोहाचा रंग लाल होतो.

खालचा हात

रंग नीट शिजवला, रेघाही सफाईने काढल्या, तरी भाजल्यावर नक्षीची जेमतेम सावली उरली, तर पहिला संशय पांढऱ्या मातीवर घ्यावा. बाजारातली शुद्ध चिनी माती दिसायला स्वच्छ पांढरी असते, म्हणून बहुतेक जण तीच वापरतात. पण वनस्पतीच्या रंगातला कार्बन स्मेक्टाइट नावाच्या, पाण्याने फुगणाऱ्या मातींच्या गटात जसा धरून राहतो, तसा चिनी मातीत राहत नाही. बेंटोनाइट याच गटातला आहे. मात्र तो पाणी पिऊन खूप फुगतो आणि वाळताना तितकाच आक्रसतो, म्हणून जाड हात दिला की भेगा पडतात आणि पापुद्रे सुटतात. तो अगदी पातळ कालवून, दोन-तीन हातांत, भांडे पुरते वाळण्याआधी द्यावा. एकाच वाटीतला रंग दोन वेगळ्या मातींच्या नमुन्यांवर लावून दोन्ही एकाच भट्टीत शेजारी ठेवले, तर दोष मातीचा की रंगाचा याचा निकाल एका भाजणीत लागतो.

इथेच आणखी एक गफलत होते. वनस्पतीचा रंग भाजण्यापूर्वी फिका तपकिरी दिसतो, त्यामुळे तो काळा दिसावा म्हणून थरावर थर चढवले जातात आणि जाड झालेला रंग पोपडे धरून सुटतो. काळेपणा कुंचल्याने आणायचा नसतो.

भट्टीतली हवा

मेसा व्हर्डे परिसरात जमिनीत खणलेल्या, दगडी फरशा लावलेल्या लांबट चरांच्या भट्ट्या सापडल्या आहेत. त्यांत आधी लाकूड पेटवून निखारे करायचे, वर भांडी रचायची, ती खापरांनी झाकायची आणि आच चढल्यावर सगळे मातीने बुजवायचे, अशी पद्धत आज प्रयोगांतून पुन्हा उभी केली आहे. बुजवण्याचे कारण सरळ आहे: तापलेल्या भांड्याला मोकळी हवा मिळाली तर कार्बन जळून जातो आणि लोहाचा काळा रंग पुन्हा गेरूसारखा लाल होतो. नक्षी भांड्याच्या एकाच बाजूला उडाली असेल, तर त्या बाजूने वारा शिरला असे समजावे. उलट नक्षीमागचा पांढरा पृष्ठभाग सगळीकडे करडा झाला असेल, तर जळण धुमसत असतानाच भट्टी बुजवली गेली आणि धूर मातीत शिरला. ज्वाळा ओसरून निखारे स्वच्छ दिसू लागल्यावर माती ओढावी, आणि भट्टी पूर्ण थंड होईपर्यंत ती उकरू नये. उतावीळपणे काढलेल्या गरम भांड्यावर लोहाचा रंग तांबूस पडू शकतो.

कुंचला

वारली चित्रकार बांबूच्या काडीचे टोक चावून जसा कुंचला करतात, तसाच युक्का या कोरड्या प्रदेशातल्या, लांब टोकदार पानांच्या वनस्पतीच्या पानाचा कुंचला होतो. पानाचे काटेरी टोक कापून अरुंद पट्टी काढावी, तिचे टोक भिजवून चावावे, तंतूंमधला गर नखाने खरवडून टाकावा आणि बारीक रेघेसाठी मोजकेच तंतू शिल्लक ठेवावेत. गर राहू दिला तर रंग अडकतो आणि रेघ तुटक उमटते. या कुंचल्याला केसाच्या कुंचल्यासारखी लवचीकता नसते, म्हणून तो उभा धरून टोकाने काढलेली रेघ थरथरते. तो भांड्याच्या पृष्ठभागावर जवळजवळ आडवा टेकवून, तंतूंची पूर्ण लांबी टेकू देत, आपल्याकडे ओढावा.

निळा, हिरवा आणि भिंतीवरचे रंग

अवातोवी (ॲरिझोना) आणि कुआउआ (न्यू मेक्सिको) या जुन्या प्यूब्लो गावांतील किवांच्या, म्हणजे विधींसाठी बांधलेल्या खोल्यांच्या, भिंतींवर निळा-हिरवा रंग पाहून तो भांड्यावर लावण्याचा मोह होतो. ॲझुराइट आणि मॅलेकाइट ही तांब्याची कार्बोनेटे आहेत. ४०० अंश सेल्सियस गाठण्याआधीच ती विघटित होऊन काळी पडतात, तर भांडी त्याच्या दुपटीच्या आसपास भाजली जातात. हे रंग भिंतीसाठी आणि लाकडासाठीच ठेवावेत. रंग म्हणून लावलेली पिवळी मातीही भट्टीत लाल होते. होपींच्या जुन्या पिवळ्या भांड्यांचा पिवळेपणा लावलेल्या रंगाचा नसून भांड्याच्या मातीचा आणि दगडी कोळशावरच्या भाजणीचा आहे.

किवांतली भित्तिचित्रे ओल्या गिलाव्यावर काढलेली समजून ओल्या चुन्यावर सराव करणे व्यर्थ आहे. अजिंठ्याप्रमाणेच ही चित्रेही कोरड्या गिलाव्यावर आहेत. कुआउआ येथील एका किवात गिलाव्याचे ८५ थर मिळाले आणि त्यांतील १७ थरांवर चित्रे होती. जुने चित्र झाकून त्यावर नवे काढले जाई.

रिओ ग्रांदे खोऱ्यातील चकचकीत रेघांच्या भांड्यांवर शिसे असे, आणि त्याचा एक महत्त्वाचा स्रोत सांता फेजवळचे सेरिलोस डोंगर होते. शिसे विषारी असल्यामुळे ही रेघ घरी करू नये. इतर खनिजेही कोरडी न कुटता पाणी घालून वाटावीत.

नमुन्यासाठी अवशेषस्थळावरचे खापर उचलणे हीदेखील चूकच. अमेरिकेत १९७९ च्या पुरातत्त्व संसाधन संरक्षण कायद्याने केंद्र सरकारच्या आणि आदिवासींच्या जमिनीवर तो गुन्हा आहे, आणि प्यूब्लो समाज आजही होपी, झुनी, आकोमा अशा आपल्या गावांत नांदतो आहे. अभ्यासासाठी संग्रहालयांची छायाचित्रे पाहावीत, आणि किवांतील विधिचित्रे भांड्यांवर शोभेसाठी उतरवू नयेत. ती त्या समाजाच्या श्रद्धेची आहेत.