पिशवीतील गाठीसाठी हार्मोनचे इंजेक्शन घेताना

सोनोग्राफीत गर्भाशयाच्या पिशवीत फायब्रॉईडची गाठ निघाली आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रियेआधी तीन महिने ल्युप्रोलाईडसारखे इंजेक्शन सुचवले, तर जत-तासगावकडून मिरजेला येणाऱ्या बाईने आणि तिच्या घरच्यांनी हे औषध गाठीत नेमके काय करते हे आधी समजून घ्यावे, कारण औषधाचा पुरेपूर उपयोग करून घ्यायला ती समज मदत करते.

ही गाठ स्नायूपेशींची असते, पण तिचा बराचसा भाग पेशींभोवती साचलेल्या कोलॅजनसारख्या तंतूंचा असतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, पेशींतील प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाची ग्राहके, म्हणजे त्याला पकडणारी प्रथिने, वाढवते. मग ही दोन संप्रेरके मिळून पेशींना वृद्धिघटक नावाची प्रथिने तयार करायला लावतात. त्यांतील टीजीएफ-बीटा-३ हे प्रथिन गाठीत आजूबाजूच्या निरोगी स्नायूपेक्षा जास्त आढळते आणि तंतू साचण्याला मुख्यतः तेच कारणीभूत ठरते; ईजीएफ आणि आयजीएफ-१ पेशींच्या विभाजनाला चालना देतात, तर व्हीईजीएफ नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास मदत करते. म्हणजे संप्रेरके हुकूम सोडतात आणि प्रत्यक्ष काम ही प्रथिने करतात.

इंजेक्शन मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीवर काम करते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत ती उलट अधिक उत्तेजित होते, त्यामुळे या काळात अंगावरून जास्त जाऊ शकते. औषध लागू पडले नाही असा अर्थ त्यातून काढू नये, मात्र रक्तस्राव फारच वाढला, चक्कर येऊ लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. नंतर ग्रंथी प्रतिसाद देईनाशी होते, बीजांडकोषातील संप्रेरके उतरतात, पाळी थांबते, वृद्धिघटकांची निर्मिती मंदावते, रक्तपुरवठा घटतो आणि गाठ आक्रसते. गाठीतील पेशी मात्र बहुतांशी जिवंतच राहतात. म्हणूनच औषध थांबले की काही महिन्यांत गाठ पुन्हा वाढते, आणि म्हणूनच द्राक्षाचा हंगाम आटोपल्यावर शस्त्रक्रियेचे बघू असे ठरवायचे असेल, तर ते पहिले इंजेक्शन घेण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे, म्हणजे इंजेक्शनेच त्या बेताने सुरू करता येतील.

फरक मोजताना केवळ लांबीवर जाऊ नये. अहवालातील तिन्ही मापांचा गुणाकार करून त्याला ०.५२ ने गुणावे. समजा, गाठ आधी ६ × ५ × ५ सेंटीमीटर होती, तर तिचे आकारमान ७८ घनसेंटीमीटर झाले. तीन महिन्यांनी ती ५ × ४ × ४ भरली, तर ते सुमारे ४२ वर आले. ‘एकच सेंटीमीटर कमी झाली’ म्हणून नाराज होणाऱ्या बाईची गाठ प्रत्यक्षात जवळजवळ निम्मी झालेली असते. शक्यतो दोन्ही सोनोग्राफी एकाच ठिकाणी कराव्यात आणि दोन्ही अहवाल एकाच फाईलमध्ये ठेवावेत.

पाळी थांबलेली असते त्या काळाचा खरा लाभ रक्त भरून येण्यात आहे, आणि माझ्या मते गाठीच्या आकाराइतकेच हिमोग्लोबिनकडे लक्ष द्यायला हवे. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये. चहामुळे लोह कमी शोषले जाते. अंग तापणे, घाम सुटणे, झोप उडणे हे त्रास इस्ट्रोजेन उतरल्यामुळे होतात. हाडेही त्यामुळेच विरळ होऊ लागतात, म्हणून हे औषध एकटे सहसा सहा महिन्यांपेक्षा जास्त देत नाहीत. जास्त काळ लागणार असेल, तर सोबत अल्प मात्रेत संप्रेरके द्यावीत का, हे डॉक्टरांना विचारावे.

पिशवी राखून फक्त गाठ काढायची असेल, तर आणखी एक गोष्ट बोलून घ्यावी. इंजेक्शनांनंतर गाठ मऊ पडते आणि तिची निरोगी स्नायूपासूनची कड पुसट होऊ शकते, त्यामुळे ती सोडवून काढणे कधीकधी अवघड जाते. शस्त्रक्रिया दुसरे सर्जन करणार असतील, तर इंजेक्शनांच्या तारखा आणि मात्रा त्यांना लेखी द्याव्यात.