रेड वाईनचं द्राक्ष लेबल न बघता कसं ओळखायचं

पुण्यात एप्रिल-मेमध्ये हे करणार असाल तर आधी बाटल्या अर्धा तास तरी फ्रीजमध्ये टाका, घरातल्या गरमीत नुसता अल्कोहोलच नाकात जातो आणि बाकी काही कळत नाही, १६ ते १८ डिग्री मस्त. मग बाटल्यांना पेपर गुंडाळून नंबर टाका.

ग्लास छापील कागदावर तिरका धरा. खालची अक्षरं वाचता आली तर वाईन फिकी, म्हणजे पिनो न्वार, ग्रनाश, नेबिओलो या द्राक्षांतलं काहीतरी, नाही आली तर शिराझ, कॅबरने, माल्बेककडे वळा. पण फक्त रंगावर जाऊ नका हां, नेबिओलो दिसायला फिका आणि घोट घेतला की हिरड्या कच्चं जांभूळ खाल्ल्यासारख्या आवळतात, पिनोत तसं होत नाही.

वासाला मात्र वेळ द्या. कॅबरनेत ढोबळी मिरची येते, ते पायराझिन नावाच्या द्रव्यामुळे. शिराझमध्ये काळी मिरी, कारण रोटंडोन नावाचं द्रव्य मिरीत असतं तेच यातही असतं, आणि साधारण पाचातल्या एकाला त्याचा वासच येत नाही, त्यामुळे तुम्हाला मिरी नाही आली तर लगेच शिराझ बाद करू नका. आंबट चेरी आणि भरपूर लाळ सुटली तर सांजोवेजे, ही आपल्या अकलूजलाही पिकते, तुलनेला एक बाटली जरूर आणा.

आणि अंदाज आधी कागदावर लिहा मगच बोला, एकाने मिरी म्हटलं की सगळ्यांनाच मिरी यायला लागते.